तिसऱ्या खात्याचे नाव

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तिच्याआधी वर्षभर चालणारी दुसरी निवडणूक मात्र भारतीय वाचकाला तितकी परिचित नसते. भारतात पक्षाचा उमेदवार कोण, हे सहसा पक्षाचे श्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत तो निर्णय पक्षाच्या सामान्य मतदारांकडे असतो. राज्याराज्यांतून त्यासाठी मतदान होते आणि त्याला प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाचे सात-आठ इच्छुक तेव्हा एकमेकांविरुद्ध उभे असतात. एकाच पेठेतील आठ व्यापाऱ्यांनी एकाच ग्राहकासमोर आपापला नमुना ठेवावा, तसा हा प्रकार असतो.

मतदानापूर्वी हे इच्छुक दूरचित्रवाणीवर एका रांगेत उभे राहून प्रश्नांना उत्तरे देतात. उत्तरासाठी जेमतेम मिनिटभर मिळते. समोर सभागृह भरलेले असते आणि घरोघरी लक्षावधी लोक पाहत असतात. खरा परीक्षक हा घरी बसलेला दर्शकच असतो, कारण उद्या मत त्यालाच द्यायचे असते. तो नेमकी कशाची परीक्षा करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अशाच एका वादविवादाचे एक दर्शक आणि त्यांना त्या रात्री पडलेला एक साधा प्रश्न, यांची ही हकिकत आहे.

९ नोव्हेंबर २०११ चा बुधवार होता. मिशिगन राज्यातील रॉचेस्टर येथे, ओकलंड विद्यापीठाच्या सभागृहात, सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीने रिपब्लिकन पक्षाच्या आठ इच्छुकांचा वादविवाद आयोजित केला होता. मिट रॉम्नी, हर्मन केन, रिक पेरी, न्यूट गिंग्रिच, रॉन पॉल, मिशेल बाकमन, रिक सँटोरम आणि जॉन हंट्समन असे हे आठ जण. विषय होता अर्थव्यवस्था, आणि काळही त्या विषयाला साजेसाच होता. देशातील बेकारी सुमारे ९ टक्के होती. ऑगस्टमध्येच स्टँडर्ड अँड पूअर्स या संस्थेने अमेरिकेची पत सर्वोच्च पायरीवरून एक पायरी खाली आणली होती. नेमक्या त्याच दिवशी इटलीच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा ७ टक्क्यांच्या वर गेला होता आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता.

सभागृहापासून काही मैलांवर, ट्रॉय या गावातील एका घरात सांगलीचे एक वयस्क गृहस्थ हा कार्यक्रम पाहत होते. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे दुकान त्यांनी चाळीस वर्षे चालवले होते. घरचे आणि बाजारचे लोक त्यांना आप्पा म्हणत. धाकट्या मुलाच्या हाती दुकान सोपवून ते थोरल्याकडे काही महिन्यांसाठी आले होते. तेथे सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होई. त्याआधी सर्वांची जेवणे उरकत आणि मग संध्याकाळ लांबच लांब होई. थोरला मुलगा मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात अभियंता होता. २००९ साली क्रायसलर आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्याच्या घराने काही महिने निम्म्या पगारावर आणि पूर्ण चिंतेवर काढले होते. त्यामुळे हा कार्यक्रम त्याच्या दृष्टीने केवळ करमणूक नव्हता.

आप्पांना इंग्रजी जेमतेम समजे. राहिलेले मुलगा सांगे. पण व्यवहाराची भाषा कळण्यासाठी त्यांना दुभाष्या फारसा लागत नव्हता. इटलीविषयी पहिलाच प्रश्न निघाला, तेव्हा मुलाने रोख्यांचा परतावा वाढणे म्हणजे काय ते समजावण्यास सुरुवात केली. आप्पांनी त्याला मध्येच थांबवले. ‘‘ज्याची पत घसरते त्याला व्याज चढतं. यात नवीन काय आहे?’’ एवढेच ते म्हणाले.

हर्मन केन यांच्या योजनेने मात्र त्यांना सावरून बसायला लावले. केन पूर्वी पिझ्झा विकणाऱ्या एका कंपनीचे प्रमुख होते आणि सगळी जुनी करपद्धती मोडून तीन नऊंची योजना आणू, असे सांगत होते. व्यवसायावर ९ टक्के, व्यक्तीच्या उत्पन्नावर ९ टक्के आणि देशव्यापी विक्रीकर ९ टक्के. ऐकायला सुटसुटीत, लक्षात ठेवायला सोपे. मिशिगन राज्याचा स्वतःचा विक्रीकर किती, असे आप्पांनी विचारले. तो ६ टक्के आहे, असे मुलाने सांगितले. ‘‘म्हणजे गिऱ्हाइकाच्या माथी पंधरा,’’ आप्पा म्हणाले. २००५ साली महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला, तेव्हा महिनोन्महिने कागद रंगवलेल्या माणसाला एवढे गणित करण्यासाठी बोटेही मोडावी लागली नाहीत. ज्याची सारी कमाई महिनाअखेर खर्चून जाते, त्याला विक्रीकर सर्वांत जड जातो, हे दुकानदाराला पुस्तक न वाचता कळते.

मोटार उद्योगाला सरकारने दिलेल्या मदतीचा विषय निघाला, तेव्हा मुलगा पुढे सरकून बसला. रॉम्नी हे डेट्रॉइटमध्येच जन्मलेले, आणि त्यांचे वडील या राज्याचे गव्हर्नर होते. आपण याच मातीत वाढलो, याची त्यांनी आठवण करून दिली. परंतु डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या, या मथळ्याचा त्यांचा लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता, हेही त्या घरात कोणी विसरलेले नव्हते. मुलगा रागावला होता, सून शांत होती, आणि आप्पा दोघांकडे पाहत होते. दर्शक हा कधीच कोरी पाटी घेऊन बसत नाही. त्याचा पगार, त्याचे कर्ज, त्याची भीती त्याच्या शेजारी बसलेली असते.

सभागृहातील श्रोत्यांचे वागणेही आप्पांच्या ध्यानात आले. केन यांच्यावर त्या दिवसांत गैरवर्तनाचे आरोप झाले होते. पत्रकार मारिया बार्टिरोमो यांनी त्याविषयी प्रश्न विचारताच श्रोत्यांनी हुर्यो उडवली, आणि ती उत्तर देणाऱ्याची नव्हे, प्रश्न विचारणारीची. प्रश्नापेक्षा गलका मोठा झाला की उत्तर देणाऱ्याचे काम हलके होते. उघड लिलावात चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला हे नवे नव्हते. सौद्याच्या वेळी दहा जण एकदम ओरडू लागले, तर मालाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

त्यानंतर बऱ्याच वेळाने ती प्रसिद्ध घटना घडली. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी सरकारचा खर्च कमी करण्याविषयी बोलत होते. ऑगस्टमध्ये ते स्पर्धेत उतरले तेव्हा पक्षाच्या मतदारांच्या पाहण्यांत तेच आघाडीवर होते. पुढच्या वादविवादांत त्यांचा प्रभाव पडला नाही आणि ते मागे पडत गेले. त्या रात्री त्यांना सावरायचे होते. आपण निवडून आलो की केंद्र सरकारची तीन खाती बंद करू, असे सांगत ते बोटांवर मोजू लागले. वाणिज्य, शिक्षण आणि... तिसरे नाव काही येईना. रॉन पॉल त्यांना म्हणाले, तीन नव्हे, पाच हवीत. रॉम्नींनी पर्यावरण संरक्षण संस्थेचे नाव सुचवले. तेच का, असे पत्रकार जॉन हारवुड यांनी विचारले, तर तेही नव्हते. तिसरे नाव सांगता येत नाही का, असा थेट प्रश्न झाला. पेरींनी पुन्हा मोजून पाहिले, कागद चाळले, आणि अखेर माफी मागून त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, ‘‘ऊप्स’’. या साऱ्याला सुमारे ५३ सेकंद लागले.

सभागृह हसले. ट्रॉयमधील दिवाणखानाही हसला. ‘‘आजोबा, तो विसरला!’’ नऊ वर्षांचा नातू टाळ्या पिटत म्हणाला. मुलगा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. रागावलेल्या माणसाला हसू आले की ते लवकर आवरत नाही.

आप्पा हसले नाहीत, आणि त्याला कारण होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, हळदीच्या ऐन हंगामात, सौदा तुटल्यावर खरेदीदाराचे नाव पुकारताना ते अडखळले होते. तीस वर्षांच्या ओळखीचा तो माणूस दोन हातांवर उभा होता. चेहरा समोर, गावाचे नाव ओठांवर, त्याच्या वडिलांचे नावसुद्धा आठवत होते, पण त्याचे स्वतःचे नाव येत नव्हते. बाजारातली दोन-चार तरुण मुले हसली होती. तेव्हापासून आप्पा सौद्याला उभे राहीनासे झाले. गुडघे दुखतात, असे कारण त्यांनी घरी सांगितले होते. दुकान धाकट्याच्या हाती देण्यामागेही गुडघ्यांचा वाटा थोडाच होता. एक नाव चुकले म्हणून चाळीस वर्षांचा हिशेब संपला, असे बाजार मानत होता की नाही कोण जाणे. आप्पांनी स्वतः मात्र ते मानून टाकले होते.

हसणे ओसरल्यावर त्यांनी मुलाला विचारले, ‘‘ते तिसरं खातं कुठलं होतं?’’

काही मिनिटांनी पेरींनीच ते सांगितले. ऊर्जा खाते. मुलगा पुन्हा हसला. परंतु आप्पांचा प्रश्न तेवढ्याने सुटला नव्हता. ‘‘ते खातं करतं काय?’’ त्यांनी विचारले.

मुलगा उच्चशिक्षित होता, त्या देशात बारा वर्षे राहिलेला होता, तरी त्याला नीट उत्तर देता आले नाही. वीज, तेल, असे काहीतरी असावे, असे तो म्हणाला. मग त्याने संगणक उघडला आणि वाचून दाखवू लागला. ऊर्जा खाते १९७७ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात स्थापन झाले. नावात ऊर्जा असली तरी त्याच्या खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या अण्वस्त्रांची देखभाल आणि ती बनवताना साचलेल्या किरणोत्सर्गी कचऱ्याची विल्हेवाट यांवर होतो. लॉस अलामोस आणि लिव्हरमोर यांसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळा याच खात्याकडे आहेत. पेरींना नाव आठवलेल्या वाणिज्य खात्याकडेही देशाची जनगणना, हवामानाचा अंदाज आणि पेटंटची नोंदणी आहे. वाचता वाचता मुलाचा आवाज संथ झाला.

मराठीत ‘खाते’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. सरकारचे ते खाते आणि वहीतलेही खातेच. आप्पांनी दुसऱ्या अर्थाने पहिल्याचा विचार केला. ते म्हणाले, ‘‘नाव विसरला, त्याचं मला काही नाही. मुनीमसुद्धा आसामीचं नाव विसरतो, वही उघडली की सापडतं. पण खातं मिटवायचं म्हटलं की आधी त्याची बाकी बघावी लागते. येणं किती, देणं किती, जामीन कोण राहिलाय. यानं बाकी बघितली होती का, हे कुणी विचारलंच नाही.’’

खरोखरच त्या रात्री ते कोणी विचारले नाही. तिसरे नाव कोणते, हा प्रश्न दोन-तीनदा झाला. ही खाती बंद केल्यावर अण्वस्त्रे कोण सांभाळणार, कचऱ्याची जबाबदारी कोणाच्या नावे पडणार, हवामानाचा अंदाज कोण देणार, आणि एवढे करून नेमके वाचणार किती, हे प्रश्न झाले नाहीत. बँकेची एखादी शाखा बंद होते, तेव्हा दारावरची पाटी एका दिवसात उतरते. तिच्यातील ठेवी, कर्जे आणि हमीपत्रे मात्र दुसऱ्या शाखेच्या पुस्तकात ओढावीच लागतात. दुकानाला कुलूप लावले म्हणून देणी मिटत नाहीत, हे व्यापाऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. देश चालवू इच्छिणाऱ्याला ते विचारणे अवघड नव्हते. परंतु विसरण्याला हसता येते, न वाचण्याला हसता येत नाही. म्हणून जे हसण्याजोगे होते ते सर्वांनी पाहिले आणि जे विचारण्याजोगे होते ते तसेच राहिले.

त्या रात्री आप्पांनी सौद्यातली गोष्ट प्रथमच घरात सांगितली. नातवाने ती गंभीरपणे ऐकली. मुलाने त्यांना दोष दिला नाही आणि खोटा धीरही दिला नाही. सांगलीला परतल्यावर डॉक्टरांकडे जायचे, एवढे त्याने त्यांच्याकडून कबूल करून घेतले. तपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शुद्ध शाकाहारी घरांत ही उणीव पुष्कळदा आढळते आणि तिचा परिणाम स्मरणशक्तीवरही होऊ शकतो. उपचाराने सगळीच नावे परत आली असे नाही, काही वयाने नेली ती नेलीच. पण सौद्याला उभे राहताना आप्पांच्या खिशात आता एक छोटी वही असे आणि ती उघडताना त्यांना संकोच वाटत नसे. दुकानातून निवृत्त होण्याचा निर्णय त्यांनी बदलला नाही. फक्त तो भीतीने घेतलेला निर्णय राहिला नाही.

पेरींच्या बाबतीतही एक नोंद त्या रात्रीच्या हसण्यातून निसटली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. त्यामुळे त्यांचे धोरण योग्य ठरत नाही. परंतु ५३ सेकंदांवरून एका माणसाच्या बुद्धीचा निकाल लावणाऱ्यांनी ती नोंद पाहायला हरकत नव्हती. ते ५३ सेकंद पुढे दिवसरात्र दाखवले गेले. दुसऱ्याच दिवशी पेरी स्वतः एका विनोदी कार्यक्रमात जाऊन आपल्यावरच हसले. ३ जानेवारी २०१२ रोजी आयोवा राज्यातील पक्षसभांमध्ये ते पाचव्या क्रमांकावर राहिले आणि १९ जानेवारीला त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली. एका शब्दाने ते हरले, असे अजूनही सांगितले जाते. त्यांची घसरण त्याआधीच सुरू झाली होती, ही गोष्ट त्या सांगण्यात सहसा येत नाही.

हकिकत येथेच संपली असती, तर एका फजितीपलीकडे तिला फारसे महत्त्व उरले नसते. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये निर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पेरींना मंत्रिपदासाठी निवडले आणि खाते दिले ते नेमके ऊर्जा. १९ जानेवारी २०१७ रोजी, माघार घेतल्याला बरोबर पाच वर्षे होत असताना, ते सिनेटच्या समितीपुढे बसले. या खात्याच्या कामांची माहिती घेतल्यानंतर ते बंद करण्याची आपण केलेली शिफारस आपल्याला खेदाची वाटते, असे त्यांनी तेथे सांगितले. २ मार्चला सिनेटने ६२ विरुद्ध ३७ मतांनी त्यांची नेमणूक मान्य केली आणि २०१९ च्या अखेरपर्यंत ते त्या खात्याचे मंत्री होते.

मुलाने हे फोनवरून कळवले तेव्हा आप्पा सांगलीच्या घरी होते. ‘‘वही उघडली म्हणायची त्यानं,’’ ते म्हणाले, आणि त्यात उपहास नव्हता. उशिरा का होईना, बाकी पाहून ज्याने आपले बोलणे मागे घेतले, त्याला बाजारात लबाड म्हणत नाहीत. प्रश्न त्याचा नव्हताच. पाच वर्षांपूर्वी लक्षावधी घरांत जी वही त्याच रात्री उघडता आली असती, ती का उघडली गेली नाही, हा खरा प्रश्न होता.

हळदीच्या बाजारात पॉलिश केलेले हळकुंड पिवळेधमक दिसते आणि नवा खरेदीदार त्यावर भुलतो. जाणता व्यापारी ते मोडतो आणि आतला रंग पाहतो. वरून डागाळलेले हळकुंड कधी आतून केशरी निघते आणि चकचकीत हळकुंड कधी फिकट निघते. आता निवडणुकीचे वादविवाद मराठी घरांतही रोज संध्याकाळी दिसतात, आणि कोण अडखळला, कोणाची जीभ घसरली, त्याची चित्रफीत रात्रीपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन पोहोचते. ती पाहून हसावे, त्यात पाप नाही. हसून झाल्यावर घरातल्या एकाने तरी विचारावे, की तो जे मिटवायचे म्हणतो त्याची बाकी किती आहे.